सुया, करंट आणि बाबांचं बीपी

मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. बाबा कारखान्यात क्रेन चालवायचे. एकदा वर चक्कर आली, बीपी वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी गोळ्या देऊन त्यांना क्रेनवर चढायला मनाई केली. बाबा चिडलेलेच असायचे. गोळीनं नाक चोंदायचं, दिवसभर झोप यायची.

गावातल्या पावर हाउस भागाच्या बाजारात कलकत्त्याहून शिकून आलेला एक बंगाली डॉक्टर होता. तो मनगटात, गुडघ्याखाली बारीक सुया टोचायचा, त्यांना तारा लावून बॅटरीच्या डब्यातून हलका करंट सोडायचा. दोन खेपांतच बाबांनी गोळ्या सोडल्या.

"कावून सोडल्या, बाबा?"

"छातीतली धडधड गेली ना! तूच माप येऊन."

हॉस्पिटलातून बीपीचं यंत्र मागून आणलं आणि बाबांबरोबर त्या डॉक्टरकडे गेले. सुयांआधी पारा वर होता, अर्ध्या तासानं बराच उतरला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण सकाळी घरी मोजलं तर पुन्हा आधीइतकंच वर.

पुढच्या रविवारी मी बाबांना घरच्या खाटेवर अर्धा तास गप्प पडायला लावलं. सुया नाहीत, करंट नाही. पारा जवळजवळ तेवढाच उतरला.

"पाहा, नुसतं पडून राहिल्यानंच उतरलं."

"मागच्या सुयाचा असर असंन तो," बाबा म्हणाले.

आमच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. त्या हसण्याचा मला जास्त राग आला. सुयांनी काहीच होत नाही, हे तरी कुणी तपासलं होतं? माझ्याकडे एकच पेशंट, तोही हट्टी.

शेवटी बाबांना घेऊन तणतणत त्या बंगाली डॉक्टरकडेच गेले. तो चकित झाला. "गोली बंद करने को हम कब बोला?"

मी बाबांकडे वळले. ते भिंतीकडे बघत होते.

त्या दिवसापासून रोज गोळी त्यांच्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही, हे माझं काम झालं. सुयाही चालू राहिल्या. काही महिन्यांनी बीपी बऱ्यापैकी ताब्यात आलं. क्रेन मात्र मिळाली नाही, स्टोअरमध्ये बदली झाली. आणि आमच्या मरोदा वस्तीत भेटेल त्याला बाबा सांगत सुटले, "सुयानं बरा झालो मी. पोरगी उगाच गोळ्या चारून राहिली."