अडलेल्यांची यादी

माझं अक्षर चांगलं आहे, हे मला शाळेपासून इतक्या जणांनी सांगितलंय की त्याचा कधी काही उपयोग होईल ही आशाच मी सोडली होती. फळ्यावर सुविचार लिहायला मी, लग्नपत्रिकांवर नावं घालायला मी, सोसायटीच्या नोटिसा लिहायलाही मीच. दोहाला आल्यावर तर पेन हातात धरायचं कारणच उरलं नाही. किराण्याची यादीसुद्धा फोनवर. मग एका हिवाळ्यात आमचं सगळं घर या अक्षरावर तगलं, आणि तेव्हापासून मला त्याची लाज वाटते.

नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पावर एका कंत्राटदाराकडे सेफ्टीचं काम बघायचा. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, अशी अकरा वर्षं गेली. ऑक्टोबरात प्रोजेक्ट संपला आणि त्याबरोबर माणसंही नकोशी झाली. नोटिशीची मुदत जानेवारीअखेरपर्यंत. इथे नोकरी गेली की राहायचा परवाना जातो, आणि बायकामुलांचा परवाना त्याच्याच शेपटाला बांधलेला. मुलगी दहावीत. तिचं परीक्षा केंद्र दोहातलं, फॉर्म भरून झालेला. फेब्रुवारीच्या आत दुसरा व्हिसा मिळाला नाही, तर चंबूगबाळं आवरून निघायचं आणि तिचं वर्ष पाण्यात घालायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

नवऱ्याने दीडेकशे ठिकाणी बायोडेटा पाठवला. पुढे पुढे तो फोन उलटा ठेवून बसायचा, म्हणजे कोणाचा आला नाही हे दिसायला नको. मुलगी म्हणायची, "इट्स ओके आई, आय विल मॅनेज." ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. एरवी मी दुर्लक्ष करते, पण त्या दिवसांत तिचं ते 'ओके' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तर मी तिच्यावर हात उगारला. तिला मी कधी मारलेलं नाही. हात हवेत राहिला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

काम मला मिळालं ते बिन महमूदमध्येच, म्हणजे आमच्याच वस्तीत, घरापासून दोन गल्ल्यांवर. एका केरळी हॉटेलच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक पुण्याकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आयटीतली नोकरी सोडून धंद्यात पडलेला. कोकणातले फ्लॅट आणि जागा स्वस्तात घ्यायच्या आणि इथल्या पगारदारांना विकायच्या, असा त्याचा धंदा. अमेरिकेतल्या कोणाचे तरी व्हिडिओ बघून तो शिकला होता. मला ताई म्हणायचा, चहा स्वतः आणून द्यायचा. तो वाईट माणूस असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

त्याच्या कंपनीकडे एक व्हिसा रिकामा होता. "आधी तुमच्या पत्रांनी माणसं आणून दाखवा, ताई," तो म्हणाला, "मग तुमच्या मिस्टरांना मी त्या व्हिसावर घेतो."

काम असं होतं. घर विकायला काढलेल्या लोकांच्या मागे सगळेच दलाल लागतात, तिथे भाव चढा. खरी मजा आहे ती अजून विकायला न काढलेल्या, पण विकावं लागेल अशा माणसांत. त्यांना तो 'मोटिव्हेटेड' म्हणायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, उत्साही माणसं शोधायची आहेत. मग त्याने मला यादीतले रकाने दाखवले. घरपट्टी थकलेले. वारसांची भांडणं असलेले. मालक वारला, दाराला कुलूप. घटस्फोट. आजारपण. मी म्हटलं, अहो, याला मराठीत अडलेले म्हणतात. त्याला तो शब्द फार आवडला. त्याने फाइलचं नावच बदलून टाकलं.

अशा माणसांना फोन केला तर ती बिथरतात, छापील जाहिरात आली तर केराच्या टोपलीत टाकतात. पण हाताने लिहिलेलं, परदेशी तिकीट लावलेलं पत्र कोण फेकेल? म्हणून माझं अक्षर. मजकूरही मीच बसवला. सुरुवात 'सा. न. वि. वि.' अशी केली, तर मालक थक्क झाला, कारण पत्र असं सुरू करतात हे त्याला माहीतच नव्हतं. पुढे लिहिलं, की प्रत्यक्ष बोलायला संकोच वाटतो म्हणून लिहिते आहे. तुमची अडचण मी जाणते. घर सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो, हे मी घरात पाहिलं आहे. घाई नाही, पण मनात असेल तर खालच्या नंबरवर फोन करा, आपला माणूस घरी येईल. खाली सही काय करायची यावर आमचा बराच खल झाला. त्याला 'आपली ताई' हवं होतं. मी म्हटलं, वाचणारी माणसं म्हातारी असणार. म्हणून लिहिलं, 'तुमच्या लेकीसारखी'. नाव घालायचं नाही असं ठरलं होतं.

नोव्हेंबरभर मी दिवसाला तीस-चाळीस पत्रं लिहिली. बोटाला घट्टा पडला. फोन यायला लागले, पण सौदा एकही होईना. डिसेंबरात मालक म्हणाला, रकाने चुकताहेत, अजून नेमकी माणसं हवीत. मी तेव्हा इतकी घायकुतीला आले होते की काहीही सुचवलं असतं. आणि मला सुचलंही. मी म्हटलं, एकट्या विधवा बायका शोधा. जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, मुलं परदेशी. भाजीची पिशवी घेऊन प्रत्येक मजल्यावर टेकत चढणाऱ्या. चिपळूण, खेड, सगळीकडे सापडतील.

हे मी कोणाचं वर्णन करत होते? आता हे वाचणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळेल. मला नाही कळलं. देवाशपथ नाही कळलं. मी आईला रोज फोन करत होते, तिचे गुडघे मला पाठ होते, आणि तेच तोंडपाठ मी त्या ऑफिसात म्हणून दाखवलं.

मालकाने टेबलावर थाप मारली. हे दोहाहून नको, तिथूनच करू, म्हणाला. माझं एक पत्र त्याने निळ्या शाईत हुबेहूब छापून घ्यायला पाठवलं. कोकणातला त्याचा माणूस लिफ्ट नसलेल्या सोसायट्या फिरून यादी करणार होता, पाकिटावर पत्ता तो घालणार आणि तिथलंच तिकीट लावणार. मला म्हणाला, "ताई, आता तुमच्या हाताला आराम."

जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला. एरवी फोन मी करते. आईचा आवाज असा मऊ, सांभाळून घेणारा होता, जसा मी बाळंतपणाला घरी गेले तेव्हा होता.

"पत्र पोचलं गो," ती म्हणाली.

मला वाटलं, बँकेचं. मी विचारलं, कुठलं?

"तुझं. पाकिटावर दुसऱ्या कोणाचं अक्षर बघून आधी बाजूला ठेवलं होतं. मग उघडलं तर आत तू."

आखातातून जाणाऱ्या माणसाच्या हाती पत्र द्यायचं, त्याने गावी उतरून पाकिटात घालून टाकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. जावयाची नोकरी गेल्याचं मी तिला सांगितलेलं होतं, पण पैशाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तिने पत्र वाचलं आणि तिला सगळं उलगडलं. लेकीला समोर बोलायला संकोच वाटतो. लेक अडली आहे. आणि लेकीला वाटतं, आईने घर विकावं. मला संकोच नको म्हणून रोजच्या फोनवर विषय न काढता तिने त्या नंबरवर फोन केला होता, माणूस येऊन गेला होता, चांगला होता बिचारा, चहा घेतलान. सोमवारी कागद घेऊन येणार होता. भाव फारच कमी आहे, पण तुमची निकड मोठी, असं ती म्हणाली. ती वृद्धाश्रमाचीही चौकशी करून आली होती. तिसऱ्या मजल्यावरून उतरून, रिक्षा करून.

मग ती म्हणाली, "एवढंच लागलं मला. सगळीकडे 'तुम्ही', आणि खाली 'लेकीसारखी' का लिहिलंस? इतकी का परकी झालीस?"

मी गॅसपाशी उभी होते ती खाली बसले. ओट्याखालच्या कपाटाला पाठ टेकून, फोन कानाला लावून.

"आणि बरं का," आई सांगत होती, "समोरच्या मावशीलाही तू धाडलंस ते चांगलं केलंस. ती घाबरत होती. मी म्हटलं, माझ्या लेकीचं अक्षर आहे, मी ओळखते, डोळे मिटून सही कर. तिने केलीन परवा."

समोरच्या मावशी म्हणजे आईच्या दारासमोरचं दार. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या दहावीच्या परीक्षेला रोज दही-साखर त्यांनी हातावर ठेवलेली. मी आईला म्हटलं, मी परत करते फोन, आणि ठेवला.

नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, तो चिडेल. तो म्हणाला, "आईंचं होऊ दे ना. आपण त्यांना इकडे आणू." मी त्याच्याकडे बघितलं. ज्याला स्वतःला इथे राहता येत नव्हतं तो माझ्या आईला आणणार होता. तो रडायला लागला. अकरा वर्षांत वाळूची वादळं, अपघात, मित्राचं मरण, कशाने न रडलेला माणूस. त्याच्या खांद्यावर हात ठेवायलाही मला जमलं नाही.

मी मालकाला फोन केला. शुक्रवारची सुट्टी असूनही त्याने घेतला. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही, आरडाओरडा केला एवढं नक्की. त्याने ऐकून घेतलं. खरंच वाईट वाटलं त्याला. म्हणाला, ताई, यादीत नावं नसतात हो, नुसते पत्ते असतात. मग म्हणाला, "तुमच्या आईचा सौदा रद्द. तो माणूस सोमवारी जाणार नाही. पण समोरच्यांचं झालंय, नोंदणी तेवढी बाकी. तिकडे तुम्ही फोन करायचा नाही. तो आपला पहिला सौदा आहे. तुमच्या मिस्टरांचा व्हिसा मी रविवारीच टाकतो."

नोंदणी बाकी होती. म्हणजे मावशींना अजून मागे फिरता येत होतं, त्यांना फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं. मला हे तेव्हाच कळलं होतं. पुढे मी नवऱ्याला आणि स्वतःला बरंच काही समजावलं, पण त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं होतं आणि मी म्हटलं, बरं.

मग आईला फोन लावला. खरं काय ते सांगितलं. ते पत्र तुला नव्हतं, ते माझं काम आहे, असंच पत्र शेकडो लोकांना जातं. तू सही करू नकोस, तो माणूस येणार नाही.

"मग समोरचीला मी काय सांगू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तिला काही सांगू नकोस."

आईने का म्हणून विचारलं नाही. तिने विचारावं असं मला इतकं वाटत होतं की मी फोन ठेवला नाही. शेवटी तिनेच ठेवला. पुढे दिवसा-दोन दिवसांनी ती म्हणाली, तुझ्या पोरीची परीक्षा होऊ दे. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

रविवारी व्हिसाचा अर्ज गेला. फेब्रुवारीत मुलगी परीक्षेला बसली. रोज सकाळी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवायची आणि तोंड फिरवायची. बाकीच्या रकान्यांतल्या माणसांना मी पत्रं लिहीत राहिले. हो, राहिले. नोकरी होती.

एप्रिलमध्ये आम्ही चिपळूणला गेलो. तिसऱ्या मजल्यावर समोरच्या दाराला नवी जाळी बसवलेली, बाहेर रंगाचे रिकामे डबे. आत कोणी राहायला आलेलं नव्हतं. मावशी कऱ्हाडला भाच्याकडे गेल्या होत्या. भाच्याची बायको बरी आहे, हॉलमध्ये पलंग दिलाय, एवढंच आईने सांगितलं. जिन्यात आईच्या हातून पिशवी घ्यायला गेले, तर तिने दिली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला, त्यावर माझं जुनं शाईचं पेन, आणि एका चिठ्ठीवर कऱ्हाडचा पत्ता.

"तिला अजून वाटतं, तू तिचं भलं केलंस," आई म्हणाली. "सगळ्यांना सांगते, अक्षर बघा पोरीचं. तिला खरं काय ते लिही. मला हे घेऊन मरायचं नाही."

मी लिहिलं. सवयीने 'सा. न. वि. वि.' आलं आणि मग हात थांबला, पण मी पुढे लिहिलं. यादी कशी केली ते लिहिलं, तो शुक्रवार लिहिला, नोंदणी बाकी होती हे मला माहीत होतं असंही लिहिलं. दोन पानं झाली. अक्षर नेहमीसारखंच आलं, एकही खाडाखोड नाही.

ते पत्र माझ्या पर्समध्ये दोहाला परत आलं. अजून तिथेच आहे. आई फोनवर विचारते, टाकलंस का, आणि मी म्हणते, टाकते. पत्र पूर्ण झालंय. फक्त खाली नाव लिहायचं राहिलंय.