पहिला पोलीस, कौसाआक्का

आमच्या गावाने कौसाआक्काला फसवलं. सरपंचाने फसवलं, ग्रामपंचायतीने फसवलं आणि मांडवात बसून टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाने फसवलं. तेही ती मेल्यावर, म्हणजे उलटून बोलायला ती उभी राहणार नाही याची खात्री करून. कशावरून फसवलं? एका कान्यावरून. तो प्रकार मी सांगणारच आहे. पण ज्यांनी आक्काला कधी पाहिलं नाही त्यांना आधी ती कोण होती हे कळायला हवं, नाहीतर केवढं नुकसान झालं तेच समजायचं नाही.

मी नगरला गणवेश शिवते. आज माझं दुकान आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि माझ्याशी भाव करायच्या आधी गिऱ्हाईक दोनदा विचार करतं. पण सुरुवातीला मी पोलीस मुख्यालयाच्या रस्त्यावर एका चहावाल्याच्या ओट्यावर मशीन मांडून बसायची. आईबाप ऊसतोडीला जायचे. मला कोयता धरायचा नव्हता म्हणून मी कात्री धरली. त्या ओट्यासमोर एक दिवस एक उंच, काळीसावळी बाई येऊन उभी राहिली. अंगावर खाकी साडी, साडीवरून कमरेला पट्टा, पायात तपकिरी बूट. डोक्यावरची टोपी अंबाड्यावर बसत नव्हती म्हणून कपाळावर उतरलेली. तिने माझ्या मशीनवर ब्लाउजचं खाकी कापड टाकलं.

"याला खिसा लाव."

"बाई, ब्लाउजला खिसा नसतो."

"नसतो ना? मंग शिट्टी कुठं ठिऊ? दातात धरून हिंडू व्हय दिवसभर?"

"गड्यांच्या शर्टाला असतो."

"म्हनून तर तुज्याकडं आले. त्यो गडी शिंपी म्हनतो, नियमात न्हाई. तुला नियम म्हाईत हाय का?"

"नाही."

"ब्येस झालं. मंग लाव."

मी लगेच शिलाई वाढवून सांगितली. खिसा म्हणजे जादा काम. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठली गं तू?" मी तिसगावच्या अलीकडच्या आमच्या गावाचं नाव सांगितलं. ती मोठ्याने हसली. "म्हादूची रंजी व्हय तू? आगं, मी त्याच गावची सून. भाव कर, पन गावचा कर!" आयुष्यात मला भावात हरवणारी ती पहिली बाई. पुढे तिने मला पुष्कळदा हरवलं, पण पहिल्याचा मान वेगळा असतो. हे वाक्य सरपंचाने दोनदा वाचावं.

तो खिसा मी डाव्या बाजूला, आतून, झाकणीसकट लावला. आठवड्याभरात दुसऱ्या एका महिला शिपायाने तसाच मागितला, मग तिसरीने. त्या वेळी नगरात महिला पोलीस मोजक्याच, आणि त्या सगळ्या माझ्या ओट्यावर येऊ लागल्या. माझा धंदा त्या खिशावर उभा राहिला, हे मी कधीच लपवलेलं नाही.

खाकी साडी ही काय चीज होती ते आजच्या पोरींना सांगूनही पटत नाही. कांजी घालून कडक केलेली. निऱ्या पिनांनी जखडलेल्या, नाहीतर परेडमध्ये पाय उचलला की त्या सुटणार. पदर खांद्यावर पिनेने बांधून टाकलेला, वाऱ्यावर हलता कामा नये. आक्काने टोपीसाठी अंबाडा मानेवर उतरवला आणि तो जन्मभर तिथेच ठेवला. ती म्हणायची, "साडी नेसायला येळ लागत न्हाई रंजे, साडीला पोलीस करायला येळ लागतो."

आणि कामं? जिल्ह्यातल्या कुठल्याही ठाण्यात एखादी बाई पकडली, एखादी बाई तक्रार घेऊन आली, एखाद्या बाईची झडती घ्यायची असली, की मुख्यालयात फोन यायचा, "लेडीज पाठवा." नाव कोणी विचारायचं नाही. आक्का त्यावर हसायची. "लेडीज म्हंजी मी. पार्सल हाय मी. बांधायचं आन् एष्टीत टाकायचं." आरोपी बाईला कोर्टात न्यायचं, परत आणायचं. दवाखान्यात जळालेल्या सुनेच्या उशाशी बसायचं. जत्रेत हरवलेलं पोर कडेवर घेऊन त्याची आई सापडेपर्यंत उभं राहायचं. शनिअमावस्येला शिंगणापूरच्या गर्दीत बायकांच्या रांगेपाशी तिची ड्यूटी ठरलेली. तिथे ती सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. बरोबरचे गडी आडोशाला जाऊन यायचे. साडी, पट्टा आणि पिनांच्या त्या तटबंदीत अडकलेल्या बाईने कुठे जायचं? मी एकदा म्हणाले, "आक्का, तहानेने मरशील." ती म्हणाली, "मरत न्हाई. बंदोबस्त लावनाऱ्या सायबाला मनात शिव्या देते. शनिदेवाला देत न्हाई. त्याच्याशी वाकडं कोन घेनार?"

ठाण्यात तिच्यापुढे आलेल्या प्रत्येक बाईला, ती फिर्यादी असो की आरोपी, आक्काचं बोलणं एकच असायचं. "आधी बस. मंग रड. मंग सांग." हाच क्रम. रडू नको असं ती कधी म्हणायची नाही. एक नवा साहेब चिडला, म्हणाला, हे रडारडीचं केंद्र आहे का? आक्काने सलाम ठोकून सांगितलं, "सायब, रडायच्या आधी बाई जे सांगती ते खोटं नसतं, पन अर्धं असतं. तुमाला अर्धं चालंल का?"

एकदा ती तिसगावच्या बाजारात समन्स बजावायला गेली होती. मी तिथे भावाकडे गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. एका म्हातारीचं गाठोडं हिसकावून एक गडी पळाला. आक्काने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग वाकून निऱ्या सोडवल्या, पायांतून मागे घेतल्या आणि पट्ट्यात खोचल्या. खाकी साडीचा भर बाजारात कासोटा! आणि ती धावली. मी लावलेल्या खिशातली शिट्टी फुंकत धावली. कांद्याच्या ढिगापाशी तिने त्याला धरला तेव्हा तिच्या एका पायात बूट नव्हता. म्हातारी गाठोडं उराशी धरून म्हणाली, "बाई, तुला देव सुखी ठिवो, पन आदी लुगडं नीट कर." सगळा बाजार हसला आणि सगळ्यात जास्त आक्का हसली.

दुसऱ्या दिवशी तिला जाब विचारला गेला. गणवेशाची बेअदबी. भर बाजारात पोटऱ्या दिसल्या म्हणे. आक्काने साहेबाला विचारलं, "गनवेश नीट ठिवला असता तर चोर गेला असता. तुमाला काय हजर करू सायब, निऱ्या का चोर?" साहेब म्हणाला, जा. ती आली, ओट्यावर बसली, चहा पीत म्हणाली, "रंजे, पिना बदल. आकड्या लाव, एका झटक्यात निघतील अशा." मी लावल्या. त्याचे मात्र मी जादा घेतले.

पुढे साडी गेली आणि शर्टपँट आली. तोवर आक्काचे केस पांढरे व्हायला लागले होते. माप घ्यायला ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाईला पाय दोन असत्यात, हे खात्याला आत्ता समाजलं." पँट घालून ती पहिल्यांदा गावात गेली तेव्हा पारावरचे म्हातारे तोंड फिरवून बसले. सासू दारात उभी होती. म्हणाली, "आता गडी झालीस व्हय गं?"

"गडी न्हाई झाले, आत्याबाई. पोलीस हुते, पोलीसच हाय. पाय तेवढं मोकळं झालं."

गावातली पोरंही तिला पहिल्यापासून तसंच म्हणायची. ती एष्टीतून उतरली की पोरं ओरडत पळायची, "पोलीस आला! पोलीस आला!" कोणी 'पोलीसबाई आली' म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती भरती झाली तेव्हा आमच्या गावाने दुसरा पोलीस पाहिलाच नव्हता. पोलीस म्हणजे कौसाआक्का.

हवालदार म्हणून ती निवृत्त झाली आणि गावी राहायला गेली. पहाटे रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना पळवायची. "दम लागला म्हनू नका. दम लागायलाच आलाय तुमी." त्यांतल्या कितीतरी आज वर्दीत आहेत. त्यांचे गणवेश माझ्याच दुकानात शिवले जातात, आणि त्या पोरी मला भावात जेरीस आणतात. हेही आक्कानेच शिकवलेलं.

या हिवाळ्यात ती गेली. संध्याकाळी पोरींना गोळाफेक दाखवून घरी आली, अंथरुणावर पडली, उठली नाही. दहाव्याला सरपंचाने हात जोडून भाषण केलं. भरतीच्या पोरापोरींसाठी नवी अभ्यासिका बांधून होत आली होती. तिला गावातल्या पहिल्या पोलिसाचं नाव द्यायचं, असं त्याने सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. नंतर ग्रामसभा झाली, मी मुद्दाम नगरहून गेले होते. ठराव वाचला गेला: 'अभ्यासिकेस गावातील पहिला पोलीस यांचे नाव देण्यात यावे.' सगळ्यांनी हात वर केले. नाव कोणाचं, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. मी, जी कापड मोजताना दुकानदाराच्या हाताकडे बघते, ती मी त्या दिवशी शब्दाकडे बघायची राहिले.

उद्घाटनाला पाटीवरचा पडदा निघाला. मोठ्या अक्षरांत नाव होतं रंगनाथ नानांचं. रंगनाथ नाना म्हणजे सरपंचाचे सख्खे चुलते, निवृत्त फौजदार. आणि खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: 'महिला पोलीस: कौसल्याबाई'.

मी उभी राहिले. "सरपंच, हे काय आहे?"

"रंजनाताई, बसून घ्या. कार्यक्रम चाललाय."

"नाना आक्काच्या मागून पोलिसात गेले. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"ताई, ठराव वाचा की." त्याच्या हातात कागद तयारच होता. "ठरावात 'पहिला' पोलीस आहे. 'पहिली' नाही. आक्कांचं म्हणायचं असतं तर 'पहिली' नसतं का लिहिलं? पहिला पुरुष पोलीस, नाना. आक्कांचंही नाव घेतलंय, बघा खाली. आणि नाना फौजदार झाले, आक्का हवालदारच राहिल्या."

मांडवात हशा पिकला. कोणीतरी मागून म्हणालं, "शिंपीनबाई, काना-वेलांटी उसवू नका!" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

पण बाकीचं लिहिते. पोलीस हा शब्दच मुळात तसा आहे. पोलीस आला, पोलीस गेला. त्यात बाई असो की गडी, आमच्या गावाच्या तोंडात तो 'आला'च असतो. तुम्ही सगळे लहानपणी आक्काला बघून 'आला' म्हणत पळालात आणि आज त्याच कान्यावरून तिला कोपऱ्यात ढकलता? आणि मोठा कोण झाला हे कोणी विचारलं होतं? ठरावात मोठा नाही, पहिला आहे.

सरपंचाशी मी वाद घालणार नाही. चुलत्यासाठी भाव वाढवून सांगणारा माणूस आहे तो, मला ती जात ओळखता येते. माझा राग दुसऱ्यावर आहे. हा सगळा वेळ रंगनाथ नाना व्यासपीठावर बसले होते, गळ्यातल्या हाराची फुलं चाचपत. वाईट माणूस नाहीत ते. वर्षानुवर्षं त्यांचा गणवेश मी शिवला. माझ्याच दुकानात बसून ते स्वतः हसत हसत सांगायचे, की भरतीच्या दिवशी मैदानाबाहेरची गर्दी बघून ते घाबरले आणि परत एष्टी स्टँडकडे पळत सुटले. फाटकावर खाकी साडीत कौसाआक्का ड्यूटीला होती. तिने त्यांची कॉलर धरली, तोंड मैदानाकडे फिरवलं आणि म्हणाली, "पळायचंच आसंल तर आत जाऊन पळ. तिथं मार्क मिळत्यात."

तर नाना, प्रश्न तुम्हाला आहे. पुतण्याला मधे घालू नका, ठराव दाखवू नका, तब्येतीचं कारण सांगू नका. पुढच्या ग्रामसभेला मी दुकान बंद ठेवून येणार आहे. आक्काने पळवलेल्या पोरी वर्दीत येणार आहेत. माईक तुमच्या हातात देऊ. गावातला पहिला पोलीस तुम्ही होतात का? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण उत्तर तुम्हीच द्यायचं, आणि आमच्या तोंडाकडे बघून द्यायचं.