तुमचंच करून राहिलो

“तुमचंच करून राहिलो ना जी!” दारात कुणीही आलं की तो वर न बघताच म्हणायचा. हातात त्या वेळी बहुतेक चहाचा कप असायचा. आलेला माणूस खूश होऊन बाकावर टेकायचा, आणि त्याचं काम आत मी करत असायचो.

असा एखादा तुमच्याही कचेरीत असेलच. माझ्या नशिबी तो भिलाईत आला, कारखान्याच्या भट्ट्या अजून उभ्या राहत होत्या तेव्हा. इस्पितळामागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आमची सामायिक प्रयोगशाळा होती. सामायिक म्हणजे, ज्यांच्याकडे स्वतःची साधनं नाहीत त्यांनी इथे यावं. दुर्गचे प्राध्यापक, उतईचे वैद्य, इस्पितळातले डॉक्टर, सगळे सुजेवर चालणारी पानं, साली, डिंक पुड्यांत बांधून आणायचे. त्यांचा अर्क काढायचा त्याने, आणि त्या अर्काने सूज खरंच उतरते का, हे पांढऱ्या उंदरांवर पाहायचं मी. निदान ठरलं तरी तसं होतं.

उंदराच्या पायाला आधी सूज आणावी लागे. त्यासाठी अंड्यातलं पांढरं टोचायचं. मग तो पाय पाऱ्याच्या नळीत बुडवायचा आणि पारा किती चढला त्यावरून सूज मोजायची. उरलेल्या पिवळ्यात हा पठ्ठ्या कांदा चिरायचा आणि स्पिरिटच्या दिव्यावर परतायचा. “पांढरं उंदराले, पिवळं आपल्याले,” म्हणायचा. त्या वासाने मोठे डॉक्टरही आत यायचे. मला ते पहिल्या दिवसापासून “अहो” म्हणत. त्याला मात्र “काय रे खादाडा”. त्या “रे”साठी मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

उंदीर मला कडकडून चावायचे. त्याच्या सदऱ्याच्या बाहीत शिरून झोपायचे. आता यात माझं काय चुकलं, सांगा.

एवढ्यावर भागलं असतं, तर मी सोसलं असतं. पण एकदा मी त्याला घरी जेवायला नेलं आणि तिथेच घात झाला. आमचं बिऱ्हाड चरोद्याला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. यार्डात डबे जोडता जोडता बाबांचा गुडघा कामातून गेला होता, संध्याकाळी टम्म फुगायचा. बाबांनी त्याला विचारलं, तुमच्याकडे सुजेचं औषध बनते म्हने? हा प्रश्न ते मलाही विचारत, आणि मी दर वेळी खरं ते सांगत असे की बाबा, तिथे औषध बनत नाही, नुसती परीक्षा होते. मी पुन्हा तेच सांगायला तोंड उघडलं. तोवर तो त्यांच्या पायाशी बसलासुद्धा. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, तुमचंच करून राहिलो ना जी.”

झालं! रविवार उजाडला की बाबा अंघोळ करून दाराशी बसू लागले. तो खुर्सीपारहून सायकल हाणत यायचा. पिशवीतला निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा आणि “आज पारा खाली हाय, काका” म्हणायचा. बाबा लगेच उठून चालून दाखवायचे. अहो, पाला मीही बांधत होतो. तोच पाला, त्याच झाडाचा, आठवडाभर. मी बांधला की तो आवळ व्हायचा, नाहीतर फार गरम असायचा. बाप माझा, गुडघा माझ्या बापाचा, आणि डोळे लागलेले याच्या वाटेकडे. जळफळाट व्हायचा नुसता.

आई म्हणायची, “कावून कुढून राहिला रे? तुह्या बापाले हासवते ना तो.”

तेच तर खुपत होतं.

एका रविवारी तो परत निघताना मी त्याची सायकल धरली. “खोटं कावून सांगतं तू त्याईले?” म्हटलं.

तो आधी हसला. मग घंटीवरची धूळ अंगठ्याने पुसत म्हणाला, “माह्या बापाले असं खोटंबी कोनी म्हनलं नाही बे.”

त्याचं दुःखसुद्धा माझ्यापेक्षा सरस निघालं.

पुढे त्याला बढती मिळाली आणि लांबच्या मोठ्या इस्पितळात जायचं ठरलं. अर्थात त्यालाच. निरोपाला डॉक्टर आले, उतईचे वैद्य आले. बाबा लंगडत फलाटापर्यंत आले. मला सोडायला ते कधी पायरीही उतरले नव्हते. गाडी हलली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही मला राग आला.

प्रयोगशाळेत शांतता झाली. कामं वेळेवर होऊ लागली, पुड्या साचेनात, आणि कुणी बाकावर टेकेना. अंड्यातलं पिवळं मी टाकून देत असे.

पहिल्याच रविवारी मी निर्गुडीचा पाला बेताने गरम केला आणि सैलसर बांधला. बाबा दाराकडे बघत होते.

“माह्या औषधाचं काय झालं रे तिथं?” त्यांनी विचारलं.

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं, ते गिळलं. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “तुमचंच करून राहिलो ना, बाबा.”

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाय हळूच ओढून घेतला.

“तो म्हने तं खरं वाटे,” ते म्हणाले.