सुतकातलं इंग्रजी गाणं

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी इंग्रजी पॉप गाण्यांतले प्रत्यय हा विषय घेतला, तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाले अण्णा, माझे वडील. वाळूजच्या कंपनीत राबून छाती निकामी झालेली, दिवसभर घरीच बसून असायचे. इंग्रजी येत नव्हतं, पण हाताला काम हवं होतं. मी मोबाइलवर गाणं लावायचे आणि शब्दाशब्दाला थांबवायचे. 'सॅडनेस'मधल्या 'नेस'सारखा नवा शब्द घडवणारा प्रत्यय आला की छापील ओळीत त्याच्याखाली लाल पेन. 'क्राइंग'मधल्या 'इंग'सारखा नुसतं रूप बदलणारा आला की निळं. दोन्ही पेनं अण्णांच्या हातात.

"बोल, लाल का निळं?" म्हणायचे आणि तेवढ्यात खोकल्याची उबळ यायची. ऐकू आलं नाही म्हणून गाणं पुन्हा मागं घ्यायचं. पुढं पुढं तर एकेक ओळ दहादा.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरं करा की ते रडगाणं!"

असंच एक गाणं अर्धवट राहिलं आणि अण्णा गेले.

सुतकात आमच्याकडे गाणं लावत नाहीत, टीव्हीवरसुद्धा चादर टाकतात. प्रबंध मात्र तेराव्याच्या आत द्यायचा होता, नाही तर वर्ष वाया. छापील शब्दांवर भागत नव्हतं. गायक प्रत्यय गिळून टाकतात, ते कानांनीच टिपावं लागतं. सरांकडे मुदत मागितली. "नियम आहे," म्हणाले. असा संताप आला होता!

शेवटी भरल्या घरात, भिंतीकडे तोंड करून एक इअरफोन कानात घातला. फुलंब्रीच्या आत्याची नजर पडलीच.

"बाप जाऊन चार दिस नाय झाले, अन् पोरगी गाणं ऐकती!"

आई उठली. आता थोबाडीत बसणार, असं मला वाटलं. तिनं लोंबणारा दुसरा इअरफोन उचलून स्वतःच्या कानात घातला आणि ऐकत राहिली.

"हे तेच व्हय, तुम्ही सारखं लावायचे ते?"

मी मान हलवली.

"असं असतं व्हय," ती म्हणाली. "मी तर खोकल्यासगटच ऐकलं होतं."

मग खुंटीवरच्या अण्णांच्या शर्टातून तिनं दोन्ही पेनं काढली आणि आत्यासमोरच माझ्याजवळ बसली.

"बोल," म्हणाली.

ते गाणं त्या दिवशी पुरं झालं. एकदाही मागं घ्यावं लागलं नाही.