भट्टीवाल्या रामाजीची चूल

खुर्सीपारच्या रामाजी डोंगरवारांनी आयुष्याची चौतीस वर्षं पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर काढली, आणि उरलेलं आयुष्य ते लोकांना तेच सांगण्यात घालवत होते. लग्न असो की तेरवी, माणूस तावडीत सापडला की सुरू! "आगीसंग कसं वागाव लागते, ते मले विचारा!" तेवढ्यात बायको बेबीताई उठून आत जायच्या. त्यांना सगळं पाठ झालं होतं.

रिटायर झाल्यावर या माणसानं काय घ्यावं? तंबू! तलावाकाठी जाऊन राहायचं म्हणे. बेबीताई म्हणाल्या, "येईन. पण तिथं मी चुलीले हात नाई लावणार. चूल तुमी पेटवा, चाय तुमी करा. नाई जमलं तर तंबू भाच्याले देऊन टाकायचा."

"हात्तीच्या! एवढंच?" रामाजी हसले. तंबूवर त्यांचा भारी जीव. अंगणात उभारून दोन दुपारी त्यात झोपलेसुद्धा होते.

शनिवारी दुपारी दोघं बालोदकडच्या तलावावर पोचले. तंबू झोकात उभा राहिला. मग तीन दगड, काटक्या, माचिस. आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. अहो, भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझत नसते. रामाजींनी चौतीस वर्षं पेटलेली आग सांभाळली. पेटवायची पाळी कधी आलीच नव्हती! घरी तर चूल काय अन् गॅस काय, सगळं बेबीताईंकडे. अर्धी माचिस संपली. धूर मात्र असा झाला की काठावरचे बगळे उठून पलीकडे गेले.

बेबीताई चटईवर पाय पसरून बसल्या होत्या. "झालं का जी?"

"होऊनच राहिलं!"

पलीकडच्या तंबूत नेहरू नगरची अनुजा मैत्रिणींसोबत आली होती, आणि तिच्याजवळ छोटा गॅस होता. लाकडं आणतो सांगून रामाजी झाडाआडून तिकडे सटकले. "बेटी, एक कप चाय बना दे. आंटी को बोलना मत." बदल्यात काय दिलं? बेबीताईंच्याच डब्यातल्या करंज्या! येताना कोणाच्या तरी जुन्या चुलीतली राख गालाला, कपाळाला बेतानं फासली.

"घे! भट्टीवाल्याच्या हातची."

बेबीताईंनी कप घेतला. नवऱ्याचं राखेचं तोंड पाहिलं, करंज्यांचा अर्धा झालेला डबा पाहिला, मग चुलीकडे पाहिलं. रामाजींनीही वळून पाहिलं. तीन दगडांच्या मधोमध कुत्र्याचं पिल्लू गाढ झोपलं होतं.

रामाजींचं तोंड उतरलं. गेला तंबू!

बेबीताईंनी कप तोंडाशी नेला. फुंकर मारून एक घोट घेतला, मग दुसरा. निवांत, तलावाकडे बघत, कप संपवला. त्यांना फार बरं वाटलं होतं.

"चाळीस वर्षांत बसल्या जागी पहिल्यांदा कप भेटला मले," त्या म्हणाल्या. "तंबू राहू द्या. पुढच्या खेपेले करंज्या जास्त आणू. पोरीनं चाय चांगली केली."