भिलाईत समुद्री शेवाळ

भिलाईत समुद्र नाही, हे आमच्या सरांना सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. सरांनी माझ्या मैत्रिणीला, वैशालीला, पीएच.डी.साठी विषय दिला तो समुद्री शेवाळावरचे बॅक्टेरिया मायक्रोस्कोपखाली मोजण्याचा! त्यामुळे आमच्या लॅबमध्ये रीडिंग्ज कमी आणि किस्सेच जास्त साठलेत.

*

शेवाळ कोकणातून पार्सलनं यायचं. दुर्ग स्टेशनवरच्या बाबूनं डबा हुंगून विचारलं, "मॅडम, क्या है इसमें?"

"समुद्र की काई."

"अरे, बोरसी में हमारे घर के पीछे तालाब भरा पड़ा है, वहीं से ले जातीं!"

*

एकदा पार्सल रविवारी आलं, म्हणून वैशालीनं ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं. सोमवारी डबा उघडते तो काय, शेवाळ एकदम चकाचक!

"लय वाळू होती वं त्याच्यात," आई म्हणाली. "तीन पाण्यानं धुतलं. मंग गरम पाण्यातून काढलं, जंतू राहू नये म्हनून!"



*

मोजणी अंधाऱ्या खोलीत. रंग दिलेले बॅक्टेरिया निळे चमकतात, पण थोड्याच वेळात फिके पडतात. म्हणून वैशालीनं दारावर पाटी लावली, 'मोजणी चालू आहे. आत येऊ नये.'

ती सत्त्याऐंशीवर असताना सर आत आले. लाइट लावला.

"पाटी मस्त लिहिली तू!"

*

शेवटी अडलं ते दुसऱ्या मोजणाऱ्यावर. दोघांचे आकडे जुळल्याशिवाय सर सही करणार नव्हते. माझे आणि तिचे कधी जुळेचनात, कारण शंभरानंतर मी सरळ अंदाजे ठोकून द्यायची. वैशाली रडकुंडीला आली.

तेव्हा तिचे बाबा लॅबमध्ये आले. चरोद्याच्या यार्डात जाणाऱ्या-येणाऱ्या मालगाड्यांचे डबे मोजण्यात त्यांची हयात गेलेली. बसले, डोळा लावला.

"एकशे बारा."

वैशालीचे एकशे तेरा! दहा स्लाइड्स झाल्या, फरक एक-दोनचाच.

सरांना संशय आला. "बाप पोरीचेच आकडे सांगून राहिला," ते माझ्या कानात म्हणाले. त्यांनी वैशालीला बाहेर पाठवलं आणि गुपचूप कोरी स्लाइड लावली. आता बाबा कुठलाही आकडा बोलले असते, तर तीन वर्षांचं काम कचऱ्यात!

बाबांनी खूप वेळ पाहिलं. एकदा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग खुर्ची मागे सारून ताठ उभे राहिले.

"सर, लाइन क्लिअर हाय. येऊ द्या गाडी!"