सरांचा न्यूट

१८ जुलै. प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायला घेतल्या आहेत. सगळ्या विज्ञानाच्या जुन्या सरांच्या हातच्या. सापसुरळीच्या बरणीवर ‘सापाचे पिल्लू’ आणि वाळा सापाच्या बरणीवर ‘गांडूळ, मोठे’. अक्षर मात्र सुरेख.

सरांच्या खिशात कायम भिंग असायचं. बोलताना ते काढायचे, त्यावर हाऽ करायचे, शर्टाला पुसून परत ठेवायचे. त्यातून बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

“बाई, तुम्ही नुसतं बघता. मी निरीक्षण करतो.”

असे एक सर तुमच्याही शाळेत असतील. पाण्यात हात घालायचा आमच्यासारख्या परिचरांनी, नाव सांगायचं यांनी.

गेल्या जुलैत सर निवृत्त व्हायचे होते. तीस वर्षं शिकवून पेपरात एकदाही नाव आलं नाही, ही खंत ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत. अशात एका सोमवारी शाळेमागच्या हौदात त्यांना एक प्राणी दिसला. चार पाय आणि शेपूट.

“न्यूट आहे हा, बाई. महाराष्ट्रातला पहिला.”

न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा प्राणी, बेडकाचा चुलतभाऊ म्हणा. आपल्या देशात तो पार ईशान्येकडच्या डोंगरांत सापडतो. आमच्या वडगाव निंबाळकरला ऊस सापडतो.

“सर, बेडूकमासा हाय तो. चार दिवसांत शेपूट जाईल.”

“तुमचं शिक्षण किती, बाई?”

“बारावी.”

“मग?”

बेडूकमाशाला आधी मागचे पाय फुटतात, न्यूटच्या पिल्लाला पुढचे. हे सरांच्याच पुस्तकात होतं. ते माझ्या टेबलावर पडलेलं असायचं, म्हणून मी वाचलं होतं. आणि या प्राण्याला आदल्या आठवड्यात मी नुसत्या मागच्या पायांवर पाहिलं होतं.

सरांनी वार्ताहराला शनिवारचं बोलावणं धाडलं आणि निरीक्षण सुरू केलं. उकडलेल्या अंड्याचा बलक टाकला. प्राणी शिवेना. या दिवसांत त्याचं तोंड बदलत असतं, तो स्वतःची शेपूट अंगात जिरवूनच जगतो. सरांनी वहीत लिहिलं, ‘न्यूट अत्यंत संयमी. उपवास करतो.’

गुरुवारी शेपूट निम्मी झाली.

“थंडीनं आखडते,” सर म्हणाले. मी पदरानं घाम पुसत होते.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर हौदाच्या काठावर बेडूक बसला होता. मागे तांदळाएवढा ठिपका, बस. सरांनी भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. बराच वेळ लावलं.

“बाई, तुम्ही बदललात का हो?”

“न्हाय सर. त्योच हाय.”

“उद्या माणूस येणार आहे. मुलगीपण येतेय, वालचंदनगरहून. तिला सांगून बसलोय मी.”

“व्हय.”

मग पाठ करून त्यांनी वार्ताहराला फोन लावला. “आमच्या परिचर बाईंनी हौद धुतला हो. न्यूट गेला. कमी शिकलेल्या आहेत, काय करणार.”

मी तिथंच उभी होते. बेडूकही होता. मी एक वाक्य मोठ्यानं बोलले असते तरी पुरलं असतं. पण ज्याच्यावर आवाज चढवावा असा तो माणूसच नव्हता. फोन खिशात टाकून ते माझ्याकडे न बघता फाटकाकडे चालू लागले.

त्यानंतर सर शाळेत आलेच नाहीत. उरलेली रजा टाकली आणि परस्पर निवृत्त झाले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी सातला मी शाळेत गेले. बेडूक उसाच्या कडेच्या पाण्याच्या चारीत सोडला. हौदाचं बूच काढलं, ब्लीचिंग पावडर टाकली, तळापर्यंत घासला. आठला सरांची मुलगी आली, हातात पेढ्यांचा पुडा. घरून तिला कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

“बाबांचा प्राणी कुठाय?”

मी ओला हौद दाखवला. “मी धुतला,” म्हणाले.